खटक्यांचा कुकर

पिरोतजवळ, २ नोव्हेंबर

चि. सौ. टियाना हिस, सासूचे अनेक आशीर्वाद.

फोन केला की राडिवोये तुझ्या हातातून हिसकावून घेतो आणि मलाच शहाणपण शिकवतो, म्हणून हे पत्र. पोटचा पोर आहे, पण हट्ट बापाचा. गेल्या वर्षी सेंट निकोलसच्या दिवशी घेवडा करपला, तेवढ्यावरून त्याने फर्मान काढलं की आपल्या कुळाच्या संताचा सण, स्लावा, यापुढे निशला, तुमच्या फ्लॅटमध्ये. अगं, स्लावाचं बोलावणं कधी कोणी धाडलंय का? ज्याला आठवण असते तो आपणहून दारात उभा राहतो. सत्तेचाळीस वर्षं माणसं या दारात आली. तुमचे चार मजले कोण चढणार?

तेव्हा ठरलं. एकोणीस डिसेंबरला, सेंट निकोलसच्या दिवशी, स्लावा इथेच. मला विजेचा एक प्रेशर कुकर निवडून पाठव. शिजलं की आपोआप बंद होणारा, आणि फिरवायचं बटण खटखट वाजणारं. गुळगुळीत काचेचा नको. का ते विचारू नकोस.

लोभ आहेच, तो झाकणाखाली दाबून ठेवू नये.

ग्रोझ्दाना

निश, १० नोव्हेंबर

ती. आईंस, टियानाचा शि. सा. न.

दुकानात आठ कुकर मांडले होते. खटखट वाजणारा एकच, तोही जुनाट, बसक्या बेडकासारखा. मग मी चांगला काचेचाच घेतला. नुसतं बोट लावलं की चालू, चौदा प्रकारचं शिजवतो. यांना म्हटलं, आईंच्या रोजच्या सूपसाठी आहे. हे म्हणाले, दोन दिवसांत माळ्यावर जाईल.

एक विचारते. तुमच्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढल्यात. राकियाचा घोट घेत लिहिता की काय?

मायेत अंतर नसावं.

टियाना

पिरोतजवळ, १८ नोव्हेंबर

चि. सौ. टियाना, आशीर्वाद.

तुझा काचेचा पाहुणा बसच्या ड्रायव्हरबरोबर परत धाडलाय. रागावू नकोस. या ओळी सरळ आल्या असतील, कारण प्रत्येक ओळीखाली विणायची सुई ठेवून लिहिते आहे. डावा डोळा गेल्या हिवाळ्यातच गेला. उजव्याला धुक्यातून दिसावं तेवढं दिसतं, तेही भर दुपारी. डॉक्टर म्हणाला, आता इलाज नाही. घेवडा त्यामुळेच करपला. शेगडीचं बटण कुठवर फिरलंय ते दिसलंच नाही.

राडिवोयेला कळलं तर मला उचलून नेईल, आणि हे दार बंद होईल. मला भीती तेवढ्याचीच वाटते. डोळे गेले म्हणून हात गेले नाहीत. खटके मोजता आले की झालं.

सणापर्यंत तोंड शिवून ठेव.

तुझीच, ग्रोझ्दाना

निश, २७ नोव्हेंबर

ती. आईंस, शि. सा. न.

पत्र वाचून रडले, मग दुकानात गेले. डोळे मिटून कुकर चाचपत होते, तर दुकानदार मला पाणी विचारायला आला. तुमचा बेडूकच आणला. घरी डोळ्यांना पट्टी बांधून दोनदा शिजवून पाहिलं. सणाच्या प्रसादाच्या गव्हाला तीन खटके, भिजवलेल्या घेवड्याला पाच. झाकण नीट बसलं की कट्‌ आवाज येतो. यांनी पट्टी पाहून खोदून विचारलं, पण मी बधले नाही.

यंदापुरतं सण तिथे करायला यांना राजी केलंय, आम्ही आदल्या दिवशी येतो. मन घट्ट ठेवा.

टियाना

पिरोतजवळ, २२ डिसेंबर

चि. सौ. टियाना, पोटभर आशीर्वाद.

एकेचाळीस माणसं आली, आणि घेवड्याचा दाणा उरला नाही. राडिवोये दिवसभर उभा होता, यजमानाने बसायचं नसतं म्हणून. बाप असाच उभा राहायचा.

तुला ठाऊक नाही ते सांगते. आदल्या संध्याकाळी तू पाव आणायला गेलीस, तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. मी बटण फिरवत खटके मोजत होते. तो दारातच थबकला आणि त्याने विचारलं, आई, अंधारात काय करतेस. बल्ब कधीचा गेला होता म्हणे. मला कळलंच नव्हतं.

तो तसाच बाहेर पडला. दुकानातून नवा बल्ब आणून लावला. म्हटलं, मला काय उपयोग? तर म्हणाला, तुझ्यासाठी नाही, मला लागेल. पुढच्या वर्षी इथे घेवडा मी चढवणार, तू नुसते खटके मोज.

येत जा, न बोलावता.

ग्रोझ्दाना