तांदळाचा डबा

सालमिया, गुरुवार, संध्याकाळ

ड्युटीवरून आले तेव्हा पाय नुसते भरून आले होते. भात टाकायला तांदळाचा डबा उघडला आणि जर्मनीहून लेकीचा, रेवाचा फोन आला. सकाळी तिच्या रूममेटकडे पोलीस आले होते. त्या मुलीने सरकारविरुद्ध काहीतरी पोस्ट केलं होतं म्हणे. तिचा फोन, लॅपटॉप, सगळं घेऊन गेले.

मला आधी खरंच वाटेना. जर्मनीत? तिथेही?

इथे आखातात आमच्याकडे शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, मंडळी जेवायला जमली की नवरा सगळ्यांचे फोन गोळा करतो आणि याच तांदळाच्या डब्यात पुरतो. न जाणो कोण ऐकत असेल! त्यानंतरच राजकारणावर तोंडं उघडतात, तीही अर्धीच. रेवाला या डब्याची भारी लाज वाटायची. "ममा, यू पीपल आर सो पॅरानॉइड." जाताना विमानतळावर म्हणाली होती, आता मी मोकळं बोलणार. मलाही तेच हवं होतं. नाहीतर एकुलती एक पोर एवढ्या लांब कशाला पाठवली असती?

आज हळूच विचारते, "ममा, बाबा फोन तांदळात किती खोल ठेवतात?"

आणि मी, एवढी दमलेली, खिचडीची कृती सांगावी तसं सांगत बसले. डबा स्टीलचा घे, झाकण घट्ट हवं, फोनवर चार मुठी तरी तांदूळ येऊ देत.

पोरीने आजवर माझी एक रेसिपी लिहून घेतली नाही. आज म्हणाली, "थांब ममा, लिहून घेते."