काळे तीळ लावलेला भात

आई, काल मी सुशी खाल्ली. तुला काय सांगायचं, परवापर्यंत ती काय चीज आहे हे मलाही माहीत नव्हतं. आमच्या सिंधीपुऱ्यातून बाहेर पडलं की मोठ्या रस्त्यावर एका कापडाच्या दुकानाच्या वर हे नवं हॉटेल निघालंय. शोध अर्थात तुझ्या नातीचा. ती इथल्या दवाखान्यात नर्स आहे, ड्यूटीवर जाता-येता तिला पाटी दिसली. हे गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, आणि दोघींत नवं काही शोधणारी तीच. मावा-जिलेबीच्या गावात जपानी जेवण कोण खाणार म्हणून मी हसले, तर म्हणाली, "तू चल तर सही. मला एक गोष्ट पण सांगायची आहे." गोष्ट म्हटल्यावर मी मनात लग्नच धरलं. चांगली साडी नेसून गेले.

हॉटेलवाला तिच्याच वयाचा, पुण्याला शिकून परत आलेला. मी माशाचं नाव काढायच्या आत म्हणाला, "आंटी, एकदम प्युअर व्हेज. काकडी, गाजर, पनीर. मच्छी ठेवली तर इथे येईल कोण?" मग आमच्यासमोरच त्याने हात ओले केले, गार भाताचा मुटका मुठीत दाबला, वर काळे तीळ भुरभुरले आणि केळीच्या पानावर ठेवून पान माझ्यापुढे सरकवलं. तिच्यापुढेही तसंच एक. "पान आपल्याच वावरातलं, निंबोल्याचं," हेही कौतुकाने सांगितलं.

मी हात मागे घेतला. आई, माझ्यापुढे पिंड होता. पोरांच्या ते लक्षातही आलं नाही, पण तुला कळेल.

तुझ्या दहाव्याला मला तापीवर नेलं नव्हतं, बायका घाटावर जात नसत. पण मामाने सांगितलेलं मी स्वतः पाहिल्यासारखं आठवतं. ऊन चढलंय, पानावर पिंड आहे, कावळे समोरच्या भिंतीवर बसलेत आणि एकही शिवत नाही. काका म्हणतात, आम्ही घराकडे बघू. मामा म्हणतो, पोरांना काही कमी पडू देणार नाही. कावळे ढिम्म. शेवटी बाबा हात जोडून म्हणतात, "पोरीचं कॉलेज मी बंद नाही करणार." आणि कावळा उतरतो. तू आजारी पडल्यापासून स्वयंपाकघर माझ्याकडेच होतं, मी आता घरीच राहणार हे सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मी शिकले, शाळेत नोकरीला लागले, ते त्या कावळ्यामुळे. की तुझ्यामुळे, मी कधी फरक केला नाही.

"काय पाहून राहिली तू? खा ना," लेक म्हणाली. पण तिनेही आपल्या पानाला हात लावला नव्हता. मग तिने सांगितलं. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम मिळालंय. इतके महिने मोबाइलवर जे पुटपुटत होती ती जपानी भाषा होती. मी समजत होते, कोणा मुलाशी बोलते. "तू नाही म्हणशील तर नाही जाणार. सच में. तू एकटी कशी राहशील?" एवढं बोलून ती पानाकडे बघत बसली. भात तसाच, तीळ तसेच. हॉटेलवाल्याने लांबून विचारलं, "आवडलं नाही का, आंटी?"

बाबांनी घाटावर दिला तसाच शब्द माझ्या तोंडात आला. "मी तुला थांबवणार नाही," म्हटलं. तिने माझ्याकडे नीट पाहिलं, खरं बोलते की वरवरचं ते तपासलं, आणि भात उचलून तोंडात घातला. मग मीही खाल्ला. जरा आंबूस होता. वाईट नव्हता.

हे पत्र कपाटात साड्यांखाली राहील, तुझा पत्ता कोणाकडे आहे. बाबा त्या दिवशी घाटावरून आले आणि स्वयंपाकघरात माझ्याशेजारी काही न बोलता कितीतरी वेळ बसले होते. तेव्हा मला वाटलं होतं, तुझ्या आठवणीने बसलेत; काल तसं वाटलं नाही. तुला म्हणून सांगते, माझे शब्द बोलून झाले होते, आणि तरी तिचा हात पानाकडे जाताना मला वाटत होतं, तिने त्या भाताला शिवू नये.