बेशरमाचा कोपरा

२ जुलै
आत्याबाईंनी आज पुन्हा मला बेशरम म्हटलं! का, तर तळ्यात गुडघाभर चिखलात उतरून मी बेशरमाची, फांदी फेकली तरी रुजणारी झुडपं उपटत होते. एका बेशरमीनं दुसरी काढली, बिघडलं काय? सासूच्या तोंडून तो शब्द आला की हल्ली रागच येत नाही.

किशन काठावर फाटलेलं जाळं शिवत होता. अर्धं तळं ह्या झुडपांनी गिळलंय. मासळी नाही झाली तर दसऱ्यानंतर हा पुन्हा ऊसतोडीला जाणार. मला नकोय. गेला हिवाळा त्याच्याशिवाय काढला, पुरे झालं.

५ जुलै
ग्रामसभेत उभी राहिले! बोलले — पाऊस लांबलाय, पाणी खाली आहे, बेशरम काढायला आत्ताच मशीन लावा. सरपंच रंजीताताई म्हणाल्या, "मंजूचं बराबर हाये." परवा जेसीबी येणार. किशन तेव्हापासून मला 'साहेब' म्हणतोय.

६ जुलै
सत्यानाश! कपडे धुवायला गेले, तर बेशरमाच्या दाटीत जांभळी पाणकोंबडी. मोडक्या दांड्यांवर घरटं, त्यात मातकट, ठिपक्याठिपक्यांची अंडी. बाई गं, दुसरी जागा नव्हती का तुला? नव्हतीच. काठाचं जुनं लव्हाळं शेतांनी केव्हाच खाल्लं.

किशनला सांगितलं. त्यानं हातातलं जाळं खाली ठेवलं. मग — "मशीन तूच मांगतली ना वं?" रडूच आलं.

७ जुलै
एवढा कोपरा सोडा म्हणून मशीनवाल्याला किती विनवलं! "मले सगळं साफ कराचं सांगतलं हाये. कोपरे सोडत बसलो त घरी कवा जाऊ?"

तेवढ्यात आत्याबाई आल्या. डोक्यावर दोरीची बाज! मशीनपुढे टाकली, वर मांडी घातली, तंबाखू मळायला घेतली. "काढ. पयले मले काढ." तो हसला. मग त्याला दिसलं, ही बाई हसत नाहीये. शेवटी रंजीताताईंनी फोनवर सांगितलं, पिल्लं निघेपर्यंत तो कोपरा राहू द्या, मागाहून हातानं काढू.

संध्याकाळी बाकीचं पाणी मोकळं झालं. आत्याबाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही, ओरडल्या असत्या.

१९ जुलै
जाळ्यात मरळ! कामरगावच्या बाजारात हातोहात खपली. येताना किशन ऊसतोडीच्या मुकादमाला नाही म्हणून आला!!

२९ जुलै
काळी-काळी पिल्लं आईमागे पाण्यावर फिरताहेत. म्हटलं, आत्याबाई, आता काढायचा का कोपरा?

"काढा. एक फांदी ठेवजा. माह्याच हातची हाये ते."

मी तिथंच काठावर बसले.

"नवी नवरी होती मी. जऊळक्याहून, माहेरून आनली, कोंबड्यांच्या कुंपनाले. तिकडचं काही त जवळ असावं म्हनून. अशी पसरन, कोनाले मालूम?"

"मग मला काहून बेशरम म्हणता?"

"तू बी बाहेरगावचीच. मूळ धरलं तुनं इथं. आता कोनी उपटून दाखवो."