वरच्या कोपऱ्यातल्या तीन वस्तू

३ मार्च, सोमवार
आजपासून नियमित लिहायचं. वाचनालयातल्या विज्ञान मासिकात अंतराळस्थानकाच्या खिडकीतून काढलेला पानभर फोटो आलाय. खाली पृथ्वीची निळी कड, वर काळंभोर, त्यात एक पांढरा ठिपका. शेजारी छापलंय: ‘अज्ञात वस्तू. बहुधा अवकाशातला कचरा.’ बहुधा! माहीत नसलं की लोक बहुधा लिहितात. इंटरनेटवर यावरून दोन पार्ट्या पडल्यात: कचरा म्हणणारे आणि परग्रहावरचं यान म्हणणारे. मी अजून कुठल्याच पार्टीत नाही. मी आधी पुरावा बघतो.

५ मार्च, बुधवार
जेवणाच्या सुट्टीत मासिक मी काम करतो त्या फोटो स्टुडिओत नेलं. आमचा स्कॅनर जुन्या फोटोंच्या कॉप्या काढायला आहे, पण त्याची खरी ताकद मालकांनाही माहीत नाही. सगळ्यात वरच्या सेटिंगवर पान स्कॅन केलं. वरच्या कोपऱ्यात आणखी तीन वस्तू! एक लांबट, दोन गोल, तिरक्या ओळीत. अजून जगात कुणालाच दिसलेल्या नाहीत.
मालकांनी विचारलं, काच रोज पुसतोस ना रे? हो म्हणालो. म्हणजे पुसणार आहे. साध्या फडक्याने चरे पडतात. योग्य मऊ कापड मिळेपर्यंत काचेला हात लावायचा नाही, हे माझं तत्त्व आहे.

८ मार्च, शनिवार
शोध इंटरनेटवरच्या अंतराळप्रेमींच्या ग्रुपवर टाकला. कचरा पार्टीचा म्होरक्या रॉकेटकाका लगेच हजर. म्हणे, या तीन वस्तू बाकी कुणाच्या प्रतीत का नाहीत? मी लिहिलं, बाकीच्यांकडे असा स्कॅनर नाही. त्यावर म्हणे, काच पुसली होतीस का? हा वैयक्तिक हल्ला झाला. शिवाय त्यांनी ‘वस्तु’ ऱ्हस्व लिहिलं होतं. ते मी लगेच दाखवून दिलं. कचरा कधी शिस्तीत, तिरक्या ओळीत उडतो का, हेही विचारून ठेवलं.
कापड राहिलं.

११ मार्च, मंगळवार
एक गिऱ्हाईक भांडायला आलं. वडिलांचा फोटो मोठा करून दिला होता, तर म्हणे बाबांच्या केसांत कोंडा कुठून आला? मी त्यांच्या खांद्याकडे एक नजर टाकली आणि हे घराण्यात असू शकतं, असं नम्रपणे सुचवलं. नम्रपणाचा काही उपयोग झाला नाही. मालकांनी आत बोलावून सांगितलं की ही तिसरी तक्रार. सोमवारी तुझी चाचणीची मुदत संपतेय, त्या दिवशी एक तर पक्का करीन नाही तर नारळ देईन.
घरी ताई म्हणाली, ह्यांनी मालकांकडे तुझ्यासाठी शब्द टाकलाय, तो घालवू नकोस. भावोजींनी नुसता पेपर उलटला. त्यांचा पेपर उलटण्याचा आवाज फार लागतो.
मी ठरवलंय. रविवारपर्यंत नाव झालं, की सोमवारी मालकच हात जोडतील.

१४ मार्च, शुक्रवार
वाचनालयाच्या बाईंनी रविवारी माझं व्याख्यान ठेवलं! विषय: ‘कक्षेतल्या अज्ञात वस्तू: कचरा की आणखी काही?’ पाटीवर त्यांनी ‘आणखि’ लिहिलं होतं, ते मी स्वतः पुसून नीट केलं. भाषण पाठ केलं, हातवारे आरशात तपासले. पहिल्या वाक्यानंतर किती थांबायचं, तेही ठरलं.
कापड सोमवारी नक्की.

१६ मार्च, रविवार, संध्याकाळ
लिहावं की नाही, कळत नाही.
हॉलमध्ये बरीच माणसं होती. त्यातली काही पंख्याखाली बसायला आली असावीत. भावोजी आले. मालकही आले. मोठा प्रिंट भिंतीवर लावला. पहिल्या वाक्यानंतर थांबलो, तर बाईंना वाटलं मी विसरलो, त्यांनी पाणी दिलं. तरी पुढे रंगलं. मी विचारलं, ही तिरकी ओळ योगायोग असू शकते का?
तेवढ्यात समोरच्या इमारतीतल्या शिवणकाम करणाऱ्या काकू उठल्या. गेल्या महिन्यात त्यांनी आमच्याकडून नवऱ्याच्या जुन्या फोटोची कॉपी करून घेतली होती. ती पिशवीतून काढून त्या आनंदाने सगळ्यांना दाखवू लागल्या. म्हणाल्या, अगं बाई, हे तर आमच्या ह्यांच्या केसांतपण आहेत! एक लांबट, दोन गोल.
फोटो रांगेतून फिरला. प्रत्येक जण आधी फोटोकडे, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे बघत होता. मागून कुणीतरी विचारलं, काका कुठल्या कक्षेत असतात? हॉलमध्ये हशा फुटला. भावोजींकडे उलटायला पेपर नव्हता.
मालक उठून निघून गेले.

१७ मार्च, सोमवार
पोहोचलो तेव्हा मालक स्कॅनरचं झाकण उघडून उभे होते. खिशातला रुमाल काढून एकदाच फिरवला. मग माझं मासिक त्यांनी स्वतः स्कॅन केलं. आकाश स्वच्छ. मासिकवाल्यांचा तो एक ठिपका तेवढा जागेवर. त्याबद्दल आता मला कोणी विचारत नाही.
त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि दारात काकू. मालकांनी हात जोडले (काकूंना) आणि म्हणाले, चूक आमची, फोटो नवा करून देतो. काकू म्हणाल्या, नको हो. हे तिकडे वर एकटेच आहेत, तेवढीच सोबत. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, तो कचरा नाही ना रे, बाळा?
मालक माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, नाही काकू. कचरा नाही.
काकू समाधानाने गेल्या. माझं म्हणणं पूर्ण पटलेला माणूस एवढा एकच मिळाला.
मालक ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस.
घरी येताना कापडाची चौकशी केली. कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात फुकट देतात.