कोपरातली धमनी

बुद्रिओ, २१ मार्च १७५३

ती. ओर्सोलाताईस,
पेत्रोनिओचा सा. न. वि. वि.

तुझं मेण वितळवणारा उन्हाळा अजून लांब आहे, तेव्हा तू मजेत असशील. इकडचं वर्तमान मात्र बरं नाही. संत जोसेफच्या सणाला तब्येतीसाठी शिरेतून थोडं रक्त काढून घ्यायला नेहमीप्रमाणे गाव जमलं होतं. दोमितिल्ला आत्या इतकी वर्षं शीर उघडायच्या नस्तराला भ्यायची. यंदा भाचा सर्जन होऊन आला म्हणून नवा रुमाल बांधून सगळ्यांच्या आधी बसली आणि शेजारणींना सांगत राहिली की आमच्या पोराचा हात किती हलका आहे ते बघाच.

ताई, मी कोपरातली शीर उघडली आणि लालभडक रक्त उसळून भिंतीवर उडालं. शिरेऐवजी धमनी कापली गेली. मी घाबरून पट्टी करकचून आवळली. रक्त थांबलं, पण आता हात गार आहे आणि बोटं निळी पडलीत. तागाचं सूत कातणारी आत्या टकळीकडे नुसती बघत बसते.

धमनी तिथे खोल असते, हे मी तू विद्यार्थ्यांसाठी घडवलेल्या मेणाच्या हातावरच शिकलो होतो. म्हणजे माझाच हात थरथरला असणार. नस्तर पेटीत बंद करून टाकलंय. या नालायकावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा
पेत्रोनिओ


बोलोन्या, २५ मार्च

चि. पेत्रोनिओस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुझा हात थरथरला नाही रे. आत्याची धमनीच तिथे वर असणार. ज्या मेलेल्या बाईचा हात समोर ठेवून मी तो मेणाचा हात घडवला, तिच्या धमनीची एक फांदी दंडातच वेगळी होऊन कातडीखालून, नेमकी त्या शिरेला चिकटून गेली होती. मी ती तशीच बसवलीही होती. आमचे प्रोफेसर काल्वी म्हणाले की बाई, निसर्गाची चूक आपण कशाला मिरवायची, पोरं उगाच गोंधळतील. मी सुरी तापवली, धमनी उचलली आणि पुस्तकात असते तशी खोल गाडली. सगळ्यांनी वाहवा केली. मलाही तो हात फार आवडला, हेच आता खातंय.

चूक कसली? आईच्या पोटात प्रत्येकाच्या धमन्या आपापली वाट शोधत असणार. दोन झाडांना तरी सारख्या फांद्या फुटतात का? हे मला तेव्हा बोलता आलं असतं. मी बोलले नाही.

आत्याला सगळं सांग. मला तोंड नाही. हात वाचला तर एक ओळ लगेच पाठव. माया ठेव, मागायचा हक्क उरला नसला तरी.

तुझी
ओर्सोला


बुद्रिओ, ६ एप्रिल

ती. ओर्सोलाताईस,
सा. न. वि. वि.

सगळा दोष तू एकटीने घेऊ नकोस. मागच्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. नस्तर लावायच्या आधी आत्या म्हणाली होती की अरे, इथं काहीतरी उडतंय बघ. मी बोट ठेवलं. खरंच उडत होतं. तरी मी तिला सांगितलं की आत्या, तिथं धमनी नसतेच, ताईने केलेला हात मी पाहिलाय. शिकलेली पोरं म्हणतात तर तसंच असेल, असं म्हणून तिने हात पुढे धरला.

बोटं काळी पडली. सोमवारी दंडापासून हात कापावा लागला. मीच कापला, कारण तिने दुसऱ्या कोणाला जवळ येऊ दिलं नाही. आता ताप उतरलाय. रस्सा पिते, मला शिव्या घालते, म्हणजे जगेल.

तुझं पत्र आत्याला वाचून दाखवलं. मग म्हणाली की हात पुरू नका, त्या पोरीकडे पाठवा. मी नाही म्हणालो, तर तिने वाडगा फेकून मारला. गाडीवाल्याबरोबर दारूत हात ठेवलेलं लहान पिंप येतंय. उघडताना एकटी राहू नकोस.

तिचा निरोप आहे की या वेळी मेणाचा हात जसा आहे तसाच कर. कोणी साहेब आडवा आला, तर त्याला सांग, हा माझ्या आत्याचा आहे.

तुझा
पेत्रोनिओ