धाकूचा मास्तर

शहाड, १४ जानेवारी १९५६

प्रिय हरिहर,

तुझं उत्तर येत नाही, तरी लिहितोय. तुझ्या राजापूरला आंब्याला मोहोर आला असेल. इकडे आई बरी आहे. मी नेमकं काय करतो ते तिला अजून उमगत नाही. शेजारणींना सांगते, 'आमचा धाकू इजेचा आन यंत्राचा डागतर हाय.' मी तिची चूक दुरुस्त करत नाही. शेतावरच्या पोराला कारखान्यात सगळे सुपरवायझर म्हणतात, यातच ती खूश. आणि खरं सांगू, मीही.

परवा आमचा मोठा पंप थरथरू लागला. विजेवाले म्हणाले, दोष पंपात. फिटर म्हणाले, मोटारीत. वसतिगृहात तू बजावायचास, 'धाक्या, वाद नको घालूस, आधी दोघांना वेगळं कर.' तसंच केलं. मोटार एकटी चालवली, तर जराही थरथर नाही. पंपही ठीक होता. जोडताना दोघांचे दांडे एका रेषेत आले नव्हते, एवढंच. ते सरळ करून घेतले, तेव्हा सगळे माझ्याकडे बघत राहिले. मला ओरडून तुझं नाव सांगावंसं वाटलं.

कॉलेजच्या वर्कशॉपात मशीनमध्ये तुझी बोटं गेली, त्याबद्दल आपण कधी बोललोच नाही. परीक्षा तोंडावर आलेली. तू इस्पितळाच्या खाटेवर, उजव्या हाताला ही एवढी पट्टी, आणि तरी रोज माझी उजळणी घ्यायचास. चुकलो की डाव्या हातानं टपली. मी डिप्लोमा घेऊन बाहेर पडलो आणि तू ट्रंक उचलून गावी गेलास.

आता मुद्द्याचं. ठाण्यात कामगारांसाठी वर्ग निघतोय, वीज आणि यंत्रं एकत्र शिकवणारा. तिथल्या कारखानीससाहेबांनी मला शिक्षकाच्या जागेसाठी बोलावलं, खूप प्रश्न विचारले. शेवटी म्हणाले, 'तुम्हाला इतकं स्वच्छ कुणी शिकवलं?' मी तुझं नाव सांगितलं. डिप्लोमा अपुरा राहिला हेही सांगितलं, आणि हाताचंही. तर ते म्हणाले, 'मशीनशी कसं वागायचं, हे त्यांच्याइतकं पोटतिडकीनं कोण सांगेल? मला तुम्ही नकोत, तेच हवेत. बोलवा त्यांना.' माझी नोकरी हुकली रे, पण इतक्या ताठ मानेनं मी कधी घरी आलो नव्हतो. हे पत्र मिळालं की निघ.

तुझाच पहिला विद्यार्थी,
धाकू