चढावरचं वजन

बाबा, ज्या लेकींना त्यांच्या बापांनी शाळेत घातलं, चारचौघांत बोलायला उभं केलं, पण घरच्या गाडीला हात लावू दिला नाही, त्या सगळ्यांच्या वतीने ही तक्रार आहे. आम्ही थोड्याथोडक्या नाही. मागे मालेगावच्या सभेत मी बायकांना विचारलं, घरच्या बैलगाडीत, ट्रॅक्टरवर, जीपमध्ये बसल्या आहात अशा किती जणी? मांडवातले सगळे हात वर. आणि हाकली किती जणींनी? दोन हात वर आले, त्यातलीही एक म्हणाली, "म्या फक्त आंगणातून मांगं घेतली होती, बाई." सगळ्या हसल्या. आम्हाला गाडीत वजन म्हणून बसवलं जातं, असं मी तिथे म्हणाले आणि टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना ते भाषणातलं वाक्य वाटलं. माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे, हे फक्त तुम्हाला माहीत होतं.

मला ती गाडी अजून दिसते. तुमचा सुतारकामाचा धंदा जोरात आहे. नवी बैलगाडी गिऱ्हाइकाच्या हवाली करण्याआधी तुम्ही ती स्वतः जुंपून शिरपूरच्या रस्त्याने एक फेरी मारून आणता. मी दहा वर्षांची, मागच्या टोकाला पाय सोडून बसले आहे. चढ लागतो. मागची बाजू जड होते, पुढचं जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं आणि त्यांच्या गळ्यातले पट्टे आवळतात. तुम्ही ओरडता, "अव समोर ये! गाडी उलाळ झाली, बैलाले फास बसून राह्यला, आन् हे बसली पाय हालवत!" दंडाला धरून तुम्ही मला ओढता आणि पुढे धुरीवर, बैलांच्या शेपट्यांपाशी बसवता. जू खाली येतं, बैल श्वास घेतात, गाडी चालू लागते. उतार आला की म्हणता, "आता मांगं जा." दंड दुखत होता, पण त्या दिवशी मला राग आला नाही. नवल वाटलं. एवढी मोठी गाडी, एवढे दोन बैल, आणि मी कुठे बसते यावर त्यांचा श्वास ठरतो! पुढे मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पण जगात काहीतरी समजून घेण्यासारखं आहे ही खोड मला त्या धुरीवर लागली.

मग बैलगाड्यांना गिऱ्हाईक राहिलं नाही. तुम्ही जुनी डिझेल जीप घेतली, मागचा पत्रा उतरवला आणि त्याजागी सागवानाचा सांगाडा चढवला. समोरासमोर दोन बाकं, पाठ टेकायला फळ्या, कोपरे असे गोल घासलेले की भाविकांची लुगडी अडकू नयेत. मंगरूळपीर ते शिरपूर जैन, दिवसाला चार फेऱ्या. लोक म्हणायचे, ही जीप नाही, पळती बैठक आहे. विशीत असताना मी एकदा तुमच्याकडे चावी मागितली. तुम्ही काच पुसत होतात, वर पाहिलंही नाही. "तुले कायले पाह्यजे चाबी? लोकं तुले ऐकाले येतात. तू बोल. गाडी मी हाकतो." तुम्हाला ते कौतुक वाटलं असेल. मला ते कुलूप वाटलं. तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी, चाळिशीत, मी गाडी शिकले. शिकवणाऱ्याला फी देऊन, परक्याच्या गाडीत.

आता मूळ गोष्ट. हिवाळ्यात एका चहाच्या टपरीवर कागद चिकटवलेला दिसला. हमरस्ता वळवल्यापासून ओस पडलेल्या जुन्या घाटात हौशी चालकांसाठी चढाईची शर्यत. एका वेळी एकच गाडी, शर्यत घड्याळाशी. कुणाला मागे टाकायचं नाही, कुणाच्या पुढे जायचं नाही, वर कुणी वाटही पाहत नाही. आयुष्यभर मी कुणाच्या तरी विरुद्ध बोलत आले. विरुद्ध कुणीच नसताना माणूस जोर कशावर लावतो, हे मला पाहायचं होतं. टपरीवाला म्हणाला, "मॅडम, थे पोट्ट्यायचं काम हाये." मी तिथेच नाव लिहून टाकलं. त्याने ते म्हटलं नसतं तर कदाचित घरी जाऊन विचार केला असता.

तुमच्या जीपचं इंजिन बांधणाऱ्या चाचांचा मुलगा आता मंगरूळपीरला गॅरेज चालवतो. तोही आजोबा झालाय, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. त्याने सरळ सल्ला दिला की विकायला आलेली एक छोटी पेट्रोल गाडी घ्या. हलकी आहे, वळणावर चटकन वळते. आम्ही ती घाटात नेऊन पाहिली. दुसऱ्या वळणावर तीव्र चढ आहे आणि रस्त्यावर खडी पसरलेली. तिथे पुढची चाकं जागच्या जागी फिरू लागली. या गाडीला ओढतात ती पुढची चाकं, आणि चढावर वजन जातं मागे. मी ओरडलेच, "उलाळ झाली!" तो म्हणाला, "खडी झाडली की नाही घसरणार, ताई." मी ऐकलं नाही. वजन, चढ, ओढणारी चाकं आणि ढकलणारी चाकं यांवर मी त्याला अर्धा तास ऐकवलं. जीपला मागची चाकं ढकलतात, म्हणून चढाला जीपच हवी, असं सिद्ध करून दाखवलं. तो हातातली चिंधी खिशात खोचत म्हणाला, "तुमचं तर पहिलेच ठरेल होतं. मंग इतकं भाषण माह्यावर काहून वाया घालवलं?"

ठरलेलंच होतं, बाबा. जीप आपल्या शेडमध्ये तुम्ही उभी केली होती तशीच उभी होती. पण ठरवलं म्हणून ती हलकी होत नव्हती. बाजार समितीजवळच्या धर्मकाट्यावर आम्ही ती टेम्पोतून नेली आणि ढकलत काट्यावर चढवली. आधी नुसती पुढची चाकं, मग पूर्ण गाडी. काट्यावरच्या माणसाने विचारलं, "माल काय हाये?" मी म्हटलं, मालच नाही, गाडीच. "रिकाम्या गाडीचं वजन कायले पाह्यजे? कोनी इकत घेऊन राह्यलं का?" मागे सोयाबीनचे ट्रॅक्टर खोळंबले आणि माणसं उतरून जीपभोवती जमली. एका म्हाताऱ्याने बाकावर हात फिरवला. "हे तं त्यायची जीप. याच्यात बसून म्या पोरगी पाहाले गेलो होतो." तो आत चढून बसला. उतरवून मगच पुन्हा वजन केलं.

वजनाच्या चिठ्ठीकडे बघून मिस्त्री म्हणाला, "इंजनात जान हाये, ताई. बदन भारी हाये. हे सागवान उतरवा लागते." मी बाकीची सगळी कामं आधी काढली. ब्रेक नवे केले, क्लचची प्लेट बदलली, पलटी झाली तर डोकं वाचावं म्हणून आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्ड करून घेतला. तुम्ही प्रवाशांच्या ओझ्यासाठी मागच्या कमानीला, म्हणजे स्प्रिंगला, जादा पोलादी पाटे टाकले होते. ओझं नसलं की त्या कडकपणाने मागची चाकं उसळतात आणि जमीन सोडतात, हे मला नव्याने कळलं. ओझ्यासाठी बांधलेली गाडी ओझ्याशिवाय धड चालत नाही. त्या पाट्यांतले दोन काढले. सगळं झालं, तरी सागवान तसंच. मी रोज गॅरेजवर जायची, बाकावर बसून चहा प्यायची आणि परत यायची. शेवटी मिस्त्रीने माझ्यापुढे पाना धरला. "मालेगावच्या सभेत मी होतो, मांगं उभा. जो वारसा पाय अडकवते थो वारसा नाही, बेडी हाये, असं तुमीच म्हनल्या ना? घ्या मंग." ते वाक्य मी कितीतरी सभांमध्ये म्हटलंय. तेव्हा माझ्या हातात पाना नव्हता.

सांगायला लाज वाटते, पण मी त्याला म्हणाले, उद्या. तो म्हणाला, "उद्या मी लग्नाले चाललो." मग मी पहिला नट सैल केला. तुम्ही खिळे जवळजवळ वापरलेच नव्हते. सगळे सांधे, खुंट्या आणि मोजके बोल्ट. एक फळी निघाली की दुसरी आपोआप मोकळी होत होती. जणू उतरवायची वेळ येईल हे धरूनच बांधलं होतं. डावीकडचं बाक उलटं केलं तेव्हा मिस्त्रीने हाक मारली. बाकाच्या मधोमध दीड हात लांबीचा तुकडा सागवानाचा नव्हता. कडूनिंबाचा होता, वरून रंग देऊन मिळवून घेतलेला, खालून उघडा. एवढ्या नेटक्या कामात ठिगळ कशाला? "तुटलं असन," मिस्त्री म्हणाला. पण कडा तुटल्याच्या नव्हत्या. करवतीने सरळ कापलेल्या होत्या.

मी घरी गेले आणि पाट घेऊन आले. नववीत असताना वाशिमला वक्तृत्व स्पर्धेत माझं नुसतं कपाळ त्या उंच लाकडी टेबलावरून दिसत होतं आणि सगळं सभागृह हसलं होतं. पुढच्या वर्षी तुम्ही सागवानी पाट घेऊन आलात, सगळ्यांदेखत मंचावर चढून तो टेबलामागे ठेवलात, आणि खाकी शर्टातच शेवटच्या रांगेत जाऊन बसलात. त्या पाटावर उभी राहून मी बोलायला शिकले. लाकूड कुठून आणलं, असं विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "उरलं होतं." गॅरेजच्या फरशीवर बाक ठेवून त्या खाचेत मी पाट बसवला. लाकडातली काळसर रेघ बाकातून निघून पाटात गेली आणि पलीकडे पुन्हा बाकात शिरली. उरलं नव्हतं, बाबा. जीप तेव्हा रोज चालत होती, त्या बाकावर रोज माणसं बसत होती, आणि तुम्ही ते मधोमध कापलं. आपल्या हातच्या सर्वांत देखण्या कामाला तुम्ही करवत लावलीत, आणि मी तीन आठवडे एका नटापुढे सोवळी होऊन बसले होते! उरलेलं लाकूड मी तासाभरात उतरवलं. सोयाबीनच्या चार पोत्यांइतकं वजन कमी झालं. त्या फळ्यांचं आता मिस्त्रीचं कामाचं टेबल होतंय.

यामुळे तक्रार मागे घेतली असं समजू नका. तुम्ही माझ्या उभं राहण्यासाठी बाक कापलंत आणि त्याच जीपची चावी नाकारलीत. दोन्ही खरं आहे. एकाने दुसरं पुसलं जात नाही. हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून कसं झालं, याचं मला रागापेक्षा कुतूहल जास्त आहे, आणि ते विचारायला आता तुम्ही नाही.

आज दुपारी तपासणी झाली. पट्टा, हेल्मेट, पिंजरा, आग विझवायचा सिलिंडर, बॅटरी घट्ट बांधली आहे का, सगळं पाहून झालं. मग तपासणाऱ्या बाई पुढे डावीकडे वाकल्या. तिथे चालकाशेजारची सीट काढलेली आहे आणि फरशीला चार बोल्टांनी आवळलेला कडूनिंबाचा तुकडा आहे. "हे काय आहे?" "वजन." "लोक वजन कमी करतात, तुम्ही वाढवता?" मी ताठ उभी राहून सांगितलं, की चढावर पुढची बाजू हलकी होते, स्टिअरिंगची चाकं जमीन सोडतात, म्हणून पुढे वजन लागतं. त्यांनी बोल्ट हलवून पाहिले आणि सही केली. मिस्त्री तोंडावर रुमाल धरून उभा होता. मग सरावाची एक फेरी मिळाली. दुसऱ्या वळणावर जीपचं नाक खरोखरच हलकं झालं, स्टिअरिंग हातात रिकामं फिरल्यासारखं वाटलं, आणि माझं अंग आपोआप पुढे झुकलं. कुणी दंड ओढला नव्हता. चाकांनी पुन्हा रस्ता धरला. वर पोचले तेव्हा किती वेळ लागला ते विचारायचं राहून गेलं. खाली आल्यावर कळलं की आतापर्यंतच्या गाड्यांत माझी सर्वांत हळू होती. मिस्त्री म्हणाला, "ते छोटी गाडी घेतली असती तं." बरोबर आहे त्याचं.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं, कारण यात एक गोष्ट कबूल करायची आहे. त्या बाईंना मी खोटं सांगितलं. तो तुकडा दीड किलोचाही नाही. त्याने जीपचं नाक तसूभर खाली येत नाही. तुम्ही "उरलं होतं" म्हणालात, मी "वजन" म्हणाले. उद्या सकाळी माझी पाळी तिसरी आहे. चावी माझ्याकडे आहे, हाकणार मी आहे, आणि बोलणार कुणीच नाही. तुमची जागा त्या कडूनिंबावर आहे. तुम्ही एवढंच करा, बाबा. दुसऱ्या वळणाला चढ लागला की समोर सरकून बसा.